वाचकांचे प्रश्न : डेसिबल मीटर हातात घेतल्यावर

हातात धरायचा डेसिबल मीटर आता दोन-तीन हजारांत घरपोच येतो. त्यामुळे सोसायटीत, मंडळात, कारखान्यात कुणाकडे तरी तो असतोच. या वेळची बहुतेक पत्रं त्याच्याबद्दलची आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मोबाइलवरचं अ‍ॅप ७१ दाखवतं, त्याच वेळी शेजारी धरलेला नवा मीटर ६४. खरं कोणाचं मानायचं?
— वाचक, इंदिरानगर

कॅलिब्रेटर लावून बघेपर्यंत कोणाचंच नाही. पैजच लावायची असेल तर मीटरवर लावा. मोबाइलचा माइक बोलणं टिपण्यासाठी बनवलेला असतो. फोन स्वतःच हळू आवाज वाढवतो, मोठा दाबतो, घरघर गाळून टाकतो आणि खालचे सूर कापतो. अ‍ॅपला मिळतो तो असा आधीच चाळलेला आवाज, आणि ही चाळण प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळी. अमेरिकेतल्या नायोश या सरकारी संशोधन संस्थेने फक्त आयफोनसाठी अ‍ॅप काढलं. प्रयोगशाळेतल्या चाचणीत ते २ डेसिबलच्या आत बसतं. अँड्रॉइडसाठी काढलं नाही, कारण शेकडो कंपन्यांचे शेकडो माइक एका हिशोबात बसवता येत नाहीत.

आता मीटरकडे. त्याच्या पाठीवर किंवा माहितीपत्रकात ‘आयईसी ६१६७२, क्लास २’ असं आंतरराष्ट्रीय मानक छापलंय का ते बघा. क्लास २ मीटरला १००० हर्ट्झच्या (सेकंदाला हजार कंपनांच्या) सुराला १ डेसिबल इकडेतिकडे होण्याची मुभा आहे, क्लास १ ला ०.७ ची. फरक किरकोळ वाटतो, पण अगदी खालच्या आणि अगदी वरच्या सुरांना दोघांतलं अंतर बरंच वाढतं. ‘आयईसी ६५१, टाइप २’ छापलं असेल तर ते जुनं मानक आहे. घरगुती कामाला तसा मीटर चालेल. कुठलंच मानक न देता नुसतं ‘अचूकता १.५ डेसिबल’ लिहिलं असेल, तर ती अचूकता कोणत्या सुराला, हे विक्रेत्याला विचारा. बहुतेक वेळा उत्तर मिळत नाही.

कॅलिब्रेटर म्हणजे मुठीत मावणारा डबा. तो १००० हर्ट्झचा एकच सूर बरोबर ९४ डेसिबलने वाजवतो. काहींत ११४ चीही सोय असते. मीटरच्या माइकवरचा फोम काढायचा, माइक डब्याच्या भोकात शेवटपर्यंत सरळ बसवायचा, रेंज ९४ सामावेल अशी ठेवायची आणि आकडा स्थिर होईपर्यंत काही सेकंद थांबायचं. १००० हर्ट्झला ए आणि सी दोन्ही वेटिंग (कोणत्या सुराला किती वजन द्यायचं ते ठरवणारी बटणं) सारखंच दाखवतात, त्यामुळे बटण कोणतंही चालेल. आकडा चुकला तर मीटरच्या कडेला ‘कॅल’ लिहिलेल्या भोकात बारीक स्क्रू असतो, तो सोबतच्या छोट्या पेचकसाने हळू फिरवायचा. काही माइकसाठी ९४ ऐवजी ९३.८ वर आणायला सांगितलेलं असतं, तेव्हा माहितीपत्रक आधी वाचा.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे सैल बसलेला माइक. भोक सहसा अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी माइकसाठी असतं. बारीक माइकला अ‍ॅडॉप्टर लागतो. तो नसला की फटीतून दाब निसटतो आणि आकडा खाली येतो. मग लोक स्क्रू फिरवून तो वर आणतात आणि चांगला मीटर बिघडवून ठेवतात. डबा किंचित फिरवल्यावर आकडा हलत असेल तर स्क्रूला हात लावू नका.

मोजणीच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा तपासायचं. दोन्हींत अर्ध्या डेसिबलपेक्षा जास्त फरक आला तर मधली मोजणी बाद धरा. कॅलिब्रेटर बऱ्याचदा मीटरपेक्षा महाग पडतो. चार सोसायट्यांनी मिळून एक घेतला तरी पुरतो. मीटर आणि कॅलिब्रेटर दोन्ही वर्षातून एकदा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या प्रयोगशाळेकडून तपासून घ्या.

प्रश्न : समोर लग्नाचं लॉन आहे. रात्री बाल्कनीत मीटर धरला की आकडा ६२ ते ७९ मध्ये नाचत राहतो. तक्रारीत कोणता लिहायचा?
— वाचक, गंगापूर रोड

दोन्ही नाही. नियमांतल्या मर्यादा ‘एलईक्यू’मध्ये दिल्या आहेत, म्हणजे ठरावीक वेळेतल्या ध्वनिऊर्जेची सरासरी. आकड्यांची साधी सरासरी काढली तर उत्तर चुकतं. समजा १० मिनिटांतली ९ मिनिटं ५५ डेसिबल आणि १ मिनिट ७५. साधी सरासरी ५७ येते, खरा एलईक्यू ६५.४. त्या एका मिनिटात बाकीच्या नऊ मिनिटांच्या दहापटीहून जास्त ऊर्जा आली, म्हणून.

मीटरवर एलईक्यूचं बटण असेल तर सुरू करून १० मिनिटं हात लावू नका. नसेल तर मीटर ए वेटिंग आणि ‘स्लो’वर (आकडा सावकाश बदलतो) ठेवा, एकाने दर ५ सेकंदांनी आकडा वाचावा, दुसऱ्याने लिहावा. १० मिनिटांत १२० आकडे होतात. संगणकाच्या तक्त्यात प्रत्येक आकड्याला १० ने भागून तो १० चा घात करा, त्या सगळ्यांची सरासरी काढा, तिचा १० पायाचा लॉग घ्या आणि १० ने गुणा. वाचणाऱ्याने घड्याळाकडे बघून आकडा घ्यायचा. मीटरकडे बघत बसलं की डोळा नकळत मोठा आकडा निवडतो. चिडलेल्या माणसाचा तर हमखास.

बाल्कनी ही मोजायला वाईट जागा. मागची भिंत, वरचा स्लॅब आणि बाजूच्या काचा आवाज परत फेकतात. भिंतीपुढे मीटर-दोन मीटरवर धरलं तरी ३ डेसिबलपर्यंत भर पडते, भिंतीला खेटून त्याहून जास्त. गच्चीवर किंवा फाटकापाशी या. माइक जमिनीपासून १.२ ते १.५ मीटरवर आणि जमल्यास कुठल्याही भिंतीपासून साडेतीन मीटर दूर ठेवा. कठड्यावर मीटर ठेवू नका.

तुमचं शरीर हीसुद्धा एक भिंतच. मीटर छातीशी धरला तर ४०० हर्ट्झच्या आसपास ६ डेसिबलपर्यंत चूक होऊ शकते, आणि गाण्यातला माणसाचा आवाज त्याच पट्ट्यात येतो. बहुतेक मीटरच्या पाठीला कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडचा आटा असतो. साधा ट्रायपॉड लावा आणि मागे सरका. तो नसेल तर हात पूर्ण लांब करून, अंग थोडं तिरकं ठेवून धरा. माइक आवाजाच्या दिशेने.

लॉनचा आवाज आणि रस्त्याचा आवाज वेगळा करायला गाण्यांविना उरणाऱ्या आवाजाची पातळी हवी. गाणी थांबल्या थांबल्या त्याच जागी पुन्हा मोजा. रात्री दोनला जाऊन मोजू नका. तोवर गंगापूर रोडची वाहतूक ओसरलेली असते आणि वजाबाकी तुमच्या बाजूने झुकते. दोन आकड्यांत १० किंवा जास्त फरक असेल तर वजा काही करायचं नाही. ६ असेल तर मोठ्या आकड्यातून १.३ वजा, ५ ला १.७, ४ ला २.२, ३ ला ३. म्हणजे गाण्यांसकट ६४ आणि गाण्यांविना ५८ आलं, तर लॉनचा वाटा ६२.७. फरक ३ च्याही आत असेल तर तिथून लॉनचा आवाज मोजताच येत नाही, जागा बदला.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ ही मर्यादा आहे. व्यापारी भागात ६५ आणि ५५, औद्योगिक भागात ७५ आणि ७०, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. सार्वजनिक ठिकाणी लाउडस्पीकर असेल तर त्या जागेच्या हद्दीवर आवाज परिसराच्या मर्यादेहून १० ने जास्त किंवा ७५, यांतला जो कमी तितकाच चालतो. खाजगी जागेच्या हद्दीवर ५ ची सूट. लॉनला कोणता निकष लावायचा ते अधिकारी ठरवतील. तुम्ही एक मोजणी आपल्या फाटकापाशी आणि एक लॉनच्या हद्दीबाहेर घेऊन ठेवा.

आणि १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालूच ठेवता येत नाही, सरकारने १२ पर्यंत मुभा दिलेले वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सोडून. तेव्हा ११ वाजता तुम्हाला डेसिबल सिद्ध करायची गरजच नाही. वेळ दिसेल असं चित्रीकरण आणि पोलिसांना ११२ वर फोन, एवढं पुरे. तुमचा मीटर अधिकृत पुरावा नसतो. नीट लिहिलेली नोंद असली की तक्रार उडवून लावणं मात्र अवघड जातं. ५५ च्या जागी ५६ दिसलं म्हणून धावत सुटू नका, क्लास २ मीटरची चूकच तेवढी असते.

प्रश्न : विसर्जन मिरवणुकीत मंडळातर्फे आवाजाची नोंद ठेवतो. ए वेटिंग ठेवायचं की सी? फास्ट की स्लो? पोलिसांचा आकडा आणि आमचा कधीच जुळत नाही.
— मंडळाचे कार्यकर्ते, जुने नाशिक

मर्यादेशी तुलना करायची तर ए. पण सी वेटिंगवरही एक नोंद घ्या, कारण ढोल आणि डीजेच्या बाबतीत ए बरंच काही झाकतं. कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात या हिशोबाने ए वेटिंग ते कापतं: १०० हर्ट्झला १९ डेसिबल, ५० हर्ट्झला तब्बल ३०. सी ५० हर्ट्झला जेमतेम १.३ कापतं. त्यामुळे बेसच्या भिंतीपुढे ए वर आकडा शांत दिसतो आणि वाड्याच्या काचा थरथरत असतात. सी आणि ए मधला फरक १५-२० च्या पुढे गेला की समजा, त्रास मुख्यतः बेसचा आहे. अशा वेळी नुसता आवाज कमी करून रहिवाशांचं समाधान होत नाही, सबवूफरच उतरवावे लागतात.

फास्ट म्हणजे मीटर १२५ मिलिसेकंदांच्या हिशोबाने धावतो, स्लो म्हणजे एका सेकंदाच्या. एलईक्यूला त्याने फरक पडत नाही, मॅक्सला, म्हणजे सर्वांत मोठ्या आकड्याला, भरपूर पडतो. २०० मिलिसेकंदांचा एक ठोका फास्टवर खऱ्या पातळीपेक्षा १ ने कमी दिसतो, स्लोवर ७.४ ने. एकाचा मीटर फास्टवर आणि दुसऱ्याचा स्लोवर असेल तर ढोलाच्या मॅक्समध्ये ६ चा फरक मीटर न बिघडताच पडतो. तुमचा पहिला संशय इथे घ्या.

दुसरा अंतरावर. मोकळ्या मैदानात स्पीकरपासून अंतर दुप्पट केलं की ६ डेसिबल कमी होतात. वाकडी बारवेपासून मेन रोडपर्यंत दोन्ही बाजूंनी इमारती असल्याने इतके कमी होत नाहीत, पण ट्रॉलीपासून ५ मीटर आणि १५ मीटर या दोन जागांची तुलना होऊच शकत नाही. या रस्त्यात भिंतींपासून साडेतीन मीटर मिळणं कठीण. मिळेल तेवढं घ्या आणि किती मिळालं ते लिहा.

तिसरी गोष्ट रेंज. ३० ते ८० च्या रेंजवर मिरवणूक मोजली तर मीटर ८० पाशीच अडकतो आणि पडद्याच्या कोपऱ्यात ‘ओव्हर’ची खूण येते. ती न बघता लिहिलेला आकडा निरर्थक. हाय रेंज आधीच लावून ठेवा. मॅक्स होल्डही सांभाळून वापरा. कुणी शेजारी शिट्टी मारली, माइकपाशी ‘मोरया’ ओरडलं किंवा तुमचं बोट मीटरवर आपटलं, तर तोच आकडा शेवटपर्यंत बसून राहतो. प्रत्येक नोंदीआधी रीसेट करा.

नोंदीची ओळ अशी असावी: ‘सायं. ७.४० ते ७.५०, मेन रोड, ट्रॉलीची पुढची बाजू, अंतर ८ ते १२ मीटर, भिंतीपासून २ मीटर, उंची १.५ मीटर, फोम लावलेला, एलईक्यू ए इतका, सी इतका, मॅक्स ए फास्ट इतका, आधी कॅलिब्रेशन ९४.०, नंतर ९३.९.’ पोलिसांच्या नोंदीतूनही याच गोष्टी मागून घ्या. मग जुळत का नाही ते दहा मिनिटांत कळतं.

दोन पथकं प्रत्येकी ९० ची असतील तर एकत्र १८० नाही, ९३ होतात. असंही एका पत्रात विचारलं होतं. फटाके या मीटरने मोजू नका. त्यांची मर्यादा फुटल्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबल ए-इम्पल्स किंवा १४५ सी-पीक अशी आहे, आणि ते टिपायला पीकची, म्हणजे क्षणभराचं टोक पकडायची, सोय असलेलं यंत्र लागतं. मोजणाऱ्याने कानात प्लग घालावेत. मीटर आकडा दाखवतो, कान वाचवत नाही.

प्रश्न : पॉवर प्रेसजवळ मीटर ८९ दाखवतो. ९० च्या आत आहोत, म्हणजे प्रश्न मिटला ना?
— लघुउद्योजक, अंबड

मिटला नाही. हा ८९ कुठे घेतला? पॅसेजमधला असेल तर उपयोग नाही. माइक कामगाराच्या कानापासून १० ते ४० सेंटीमीटरवर हवा, ज्या कानाला आवाज जास्त त्या बाजूला. स्लोवर नुसता बघून घेतला असेल तर प्रेसच्या ठोक्याला तो फसतो. १० मिलिसेकंदांचा धक्का फास्टवर खऱ्याहून ११ डेसिबल कमी दिसतो, स्लोवर २० ने. एलईक्यू घ्या, किमान ५ मिनिटं, आणि त्यात शीट बदलणं, स्क्रॅप झटकणं, एअर गन मारणं हे सगळं येऊ द्या. एअर गनचा झोत थेट माइकवर आला तर आकडा खोटा फुगतो, फोम लावूनही.

कारखान्यांच्या नियमांत ९० डेसिबल ए ला ८ तास, ९५ ला ४, १०० ला २, १०५ ला १ तास अशी उतरंड आहे. ११५ च्या वर सतत आवाजात काम नाही, आणि धक्क्याचा आवाज १४० च्या वर कधीच नाही. एकाच पाळीत वेगवेगळे आवाज असतील तर अपूर्णांक मिळवायचे. ९५ वर ३ तास म्हणजे ३/४, ९० वर ४ तास म्हणजे ४/८, बेरीज १.२५. एकाच्या वर गेली, म्हणजे मर्यादा ओलांडली. दोन्ही टप्पे वेगवेगळे बघितले तर प्रत्येक नियमात बसतो, हीच गंमत. कामगार दिवसभर फिरता असेल तर हातातल्या मीटरने हा हिशोब जमत नाही, खांद्यावर लावायचा, पाळीभराचा आवाज जमा करणारा डोसीमीटर भाड्याने आणा.

नायोशची शिफारस ८५ वर ८ तास आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी, अशी आहे. कान आमचे असते तर आम्ही ती पाळली असती.

प्रश्न : सोसायटीच्या जनरेटरचा आवाज कुठून मोजायचा?
— सचिव, पाथर्डी फाटा

१००० केव्हीएपर्यंतच्या डिझेल जनरेटरला कॅनोपीपासून (त्याच्यावरच्या बंद आवरणापासून) १ मीटरवर ७५ डेसिबल ए ही मर्यादा आहे, तीही मोकळ्या जागेतली. कंपाउंडच्या कोपऱ्यात दोन भिंतींमध्ये बसवलेला जनरेटर ७८ दाखवेल आणि दोष यंत्राचा नसेल. चारही बाजूंनी मोजा, कॅनोपीची दारं बंद करून. धुराड्याच्या आणि रेडिएटरच्या झोतात माइक धरू नका.

प्रश्न : पावसाळ्यात आकडे भरकटतात. मीटर खराब झाला का?
— वाचक, त्र्यंबक रोड

बहुधा माइकवर दमट थर बसतो. गार गाडीतून दमट हवेत काढलेल्या मीटरला १५-२० मिनिटं द्या, मगच चालू करा. खरखर ऐकल्यासारखा आकडा उड्या मारत असेल तर माइक सिलिका जेलच्या पुडीसोबत डब्यात रात्रभर ठेवा. फुंकर मारू नका, कापसाने पुसू नका. पडदा फार नाजूक असतो. ओला फोम काढून वाळवा, पिळून तसाच लावू नका. फोम असला तरी वारा सेकंदाला ५ मीटरच्या वर, म्हणजे ताशी १८ किलोमीटरच्या वर गेला की मोजणी थांबवा. बॅटरीची खूण आली असेल तर आधी ती बदला, आणि मीटर ठेवून देताना बॅटरी काढून ठेवा.

प्रश्न : आमच्याकडचा जुना पिस्टनफोन १२४ डेसिबलचा आहे. मीटरवर लावला की जवळपास ११५ येतात. बिघडलंय काय?
— प्रयोगशाळा सहायक, अभियांत्रिकी महाविद्यालय

बहुतेक काहीच नाही. पिस्टनफोन म्हणजे पिस्टन हलवून सूर काढणारा कॅलिब्रेटर. त्याचा सूर २५० हर्ट्झचा असतो आणि तुमचा मीटर ए वेटिंगवर असावा. तिथे ए ८.६ डेसिबल कापतं. सी वर घ्या, म्हणजे १२३.४ च्या आसपास आकडा दिसेल. उरलेले ०.६ नाशिकच्या उंचीचे. पिस्टनफोनची पातळी हवेच्या दाबावर चालते आणि १२४ हा समुद्रसपाटीच्या दाबाचा आकडा आहे. आपण समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, त्यामुळे इथला खरा दाब साधारण ९४५ हेक्टोपास्कल. पिस्टनफोनच्या पेटीत बहुधा बॅरोमीटर असतो, त्याच्या तबकडीवर दुरुस्ती थेट डेसिबलमध्ये वाचता येते. तो हरवला असेल तर मोबाइलच्या हवामान अ‍ॅपमधला दाब घेऊ नका. अ‍ॅप १०१० च्या घरातला आकडा दाखवतं, पण तो समुद्रसपाटीला उतरवलेला असतो. तो घेऊन स्क्रू फिरवला तर मीटर पुढची प्रत्येक मोजणी अर्धा डेसिबल चढी दाखवेल.